फोन कामावर आहे

प्रिय धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद, तुला हवे असोत वा नसोत. तुझा गुडघा कसा आहे? माझी कंबर होती तिथेच आहे. फोन असताना ही बाई पत्र का लिहितेय, म्हणशील. तर इतके दिवस फोन कामावर होता, आणि आता मी केलेला फोन तू कापतेस.

झालं असं, की नात सुट्टीत आली आणि माझ्या फोनमध्ये एक ॲप घालून गेली. म्हणे शास्त्रज्ञांना नव्या औषधांसाठी एवढी आकडेमोड करावी लागते की त्यांच्या यंत्रांना ती आवरत नाही, म्हणून जगभरच्या लोकांच्या रिकाम्या फोनना थोडी थोडी वाटून देतात. पगार नाही, आपखुशीचं काम. मी म्हटलं, या घरात बिनपगारी मी एकटीच होते, आता सोबत झाली. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मी तिसरीत शाळा सोडली (शाळेनेही अडवलं नाही), आणि माझा फोन शास्त्रज्ञांची गणितं सोडवतोय!

अट एवढीच, की फोन चार्जिंगला लावायचा आणि हात लावायचा नाही. लावला की काम थांबतं. कामाने त्याचं अंग तापतं, म्हणून मी त्याच्यापुढे टेबलपंखा लावला. सूनबाई म्हणाली, "आई, मला ताप आला तेव्हा तुम्ही खिडकीसुद्धा उघडली नाहीत." मी म्हटलं, "तू कुठली गणितं सोडवत होतीस?"

तुझे फोन येत होते ते मी बघत होते. पण बाई, ऑफिसात मान खाली घालून बसलेल्या माणसाला कोणी "काय गं, जेवलीस का" म्हणून उठवतं का? (त्यातून तुझं एकदा सुरू झालं की औषध निघायच्या आत रोगी उठून घरी जायचा.) तर तू सूनबाईकडे निरोप ठेवलास, "तिला सांग, आता मी मेले तरी कळवणार नाही." अगं, मेल्यावर तू कळवणार होतीस कशी, ते तरी सांग.

खरा घोळ पुढेच. ते ॲप वायफायवर चालतं, आणि आमच्याकडे नुसता मोबाइल डेटा. "वायफायची वाट पाहत आहे" अशी पाटी लावून ते स्वस्थ बसलं. रिकामं बसलेलं माणूस मला बघवत नाही, तिथे ॲपची काय कथा! नातीला विचारून तो अडसर काढला. ("आजी, डेटा खाईल हं," म्हणाली होती. मला वाटलं, खाऊन खाऊन किती खाईल?) महिन्याचा डेटा आठवडाभरात चाटूनपुसून साफ. मग सूनबाईचा हॉटस्पॉट घेतला, तोही गिळला. आता मी दिसले की ती फोन उशीखाली घालते. आणि इकडे एक गणित पुरं होऊन बसलंय, ते पाठवायला थेंबभर डेटा नाही. शुक्रवारची मुदत आहे. ती टळली तर तेच काम दुसऱ्या कुणाच्या फोनला देतात. मी पंखा घातलेलं गणित!

असो. चूक तुझी असली तरी मी मोठी आहे, विसरते. आता पुरे, शाई आणि तुझी समज, दोन्ही बेताच्या.

तुझी,
थोरली

ता. क. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून पत्र मीच घेऊन आले. हे तुझ्या पायरीवर बसून लिहितेय, आता दाराखालून सरकवते. तुझ्याकडे वायफाय आहे. आधी पासवर्ड सांग, मग काय रुसायचं ते रूस.

(हा दुसरा कागद.) अजून कडी काढत नाहीस? बरं, ऐक. आज निघताना सूनबाईनेच हॉटस्पॉट दिला, गणित केव्हाच पोचलं. चार दिवसांचे कपडे आणलेत. दार उघड, गुडघा बघू दे. फोन मी घरीच ठेवून आलेय.