राणीचा हात थांबतो ती जागा

सातारा, सोमवार

प्रिय कीर्ती, जय जिनेंद्र.

मी ठणठणीत आहे. इथला चहा मात्र पाणचट. तू पथ्य पाळतेस ना, की भरतेशराव आणतील ते खातेस?

गुरुवारच्या ऑपरेशनची काळजी नको. तुझ्या घशात श्वासाची नळी घालायला सांगलीला येणारी डॉक्टर राणी इथे माझ्याच हातावरून शिकते आहे. गेल्या वर्षी सेन्सर लावलेल्या लॅरिंगोस्कोपने मी रबरी पुतळ्याचा घसा शंभरदा उघडून दिला. यंत्राने माझ्या हाताचा जोर टिपला, आणि आता शिकाऊ मुलं पडद्यावरच्या माझ्या रेघेवर आपली रेघ गिरवतात. चाळीस वर्षं भूल दिली, तिची झाली ही रेघ!

नळी आत सारण्याआधी मी क्षणभर थांबून मनात णमोकार मंत्र म्हणते. शाळेत तो पुटपुटले म्हणून नन्सनी छड्या मारल्या, तेव्हापासून ओठ बंद, पण सवय गेली नाही. तिथे रेघ सपाट होते. इंजिनिअर म्हणतो, "मॅडम, ही चूक आहे, काढून टाकू." गाढव!

पण आज पडदा बंद ठेवला, तरी राणीही नेमकी तिथेच थांबली. मी दरडावलं, "का थांबलीस?"

"मुद्दाम न्हाई, मॅडम. हात आपसूक थांबतोय. आन् तवा कुणीतरी कानाशी पुटपुटतंय."

शाळेनंतर मी कधी ओठ हलवले नाहीत, इथे कुणाला सांगितलंही नाही.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तुला ठाऊक आहे. तरी इंजिनिअरला बजावलंय, गुरुवार होईपर्यंत त्या रेघेला हात लावायचा नाही.

तुझीच,
पद्माक्का