चौदाच्या चौदा

३ जुलै, सोमवार
सीझन खऱ्या अर्थाने सुरू. बोट फुल्ल. बंदराच्या परवान्यात चौदा पॅसेंजर लिहिलेत, चौदाच नेतो. मोठ्या बोटीवाल्या याकुमिससारखे चौपन्न कोंबून, लाउडस्पीकर लावून नेत नाही. माझं गिऱ्हाईक वेगळं. त्याला निवांत खाडी लागते, स्वच्छ पाणी, मास्क आणि नळी लावून तासभर तरंगणं, आणि अनुभवी कॅप्टन.

यंदाचे संकल्प. एक, पॅसेंजरांवर ओरडायचं नाही. दोन, याकुमिसच्या टोमण्यांना उत्तर द्यायचं नाही. तीन, सिगारेट फक्त नांगर टाकल्यावर. चार, प्रत्येक खाडीतून निघताना डोकी तीनदा मोजायची. तेवीस वर्षांत एकही माणूस हरवलेला नाही. या बेटावर असं छातीठोक सांगणारा मी एकटाच.

८ जुलै, शनिवार
सिगारेटचा संकल्प थोडा बदलला. नांगर टाकायच्या आधी एक चालेल, हात स्थिर राहतो.

अर्गिरो म्हणाली, बोटीवर एक माणूस ठेवू या, तिचे गुडघे दुखतात. मी म्हटलं, दोघांचं काम आहे, दोघं आहोत. काम तरी काय? मी नांगर टाकतो, ती मागचा दोर घेऊन खडकावर उडी मारते आणि बांधते. मग मास्क वाटते. लोक पोहून आले की कलिंगड कापते, फेटा चीज, काकडी, द्राक्षाच्या पानातला भात वाढते. मास्क साबणाने धुते. निघताना दोर सोडते आणि उडी मारून चढते. बाकी सगळं मीच बघतो.

शिवाय बोटीचं नाव 'अर्गिरो'. दोन्ही बाजूंना, निळ्या रंगात, हातभर अक्षरं. कुठल्या नवऱ्याने बायकोला एवढा मान दिलाय? पण कौतुक नाही.

११ जुलै, मंगळवार, संध्याकाळी
आज विशेष काही नाही. समुद्र तेलासारखा सपाट. पॅसेंजर खूश. शेवटी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मंगळवारी धड काही होत नाही, असं आई म्हणायची ते उगीच नाही.

रात्री आठ वाजता
बरं, किरकोळ घोटाळा झाला. आस्प्रोनेरीच्या खाडीतून निघालो तेव्हा अर्गिरो चढायची राहिली. पाचेक मिनिटांत माझ्या लक्षात आलं. वळलो, घेतली, विषय संपला.

१२ जुलै, बुधवार
विषय संपलाय, तरी नोंद नीट असावी म्हणून लिहितो.

मी मोजलं होतं. तीनदा. पॅसेंजर चौदाच्या चौदा. माझ्याकडून चूक अशी झालीच नाही. अर्गिरो पॅसेंजर नाही, मग तिला त्यात कसं मोजणार? आणि ती खडकाच्या मागे पाण्यात काय करत होती? एका मास्कचा पट्टा शिवला होता म्हणे, मास्क आता गळतो का बघत होती. सांगून जायचं.

खरा दोष त्या उंच डच गृहस्थाचा. त्याने हौसेने खडकावरचा दोर सोडून दिला. एरवी दोर सुटत नाही म्हटल्यावर मी आपोआपच हाक मारली असती.

पाच मिनिटं नव्हती. अर्धा तास असेल.

ती आज बोटीवर आली नाही. गुडघे, म्हणाली. रागावली आहे असं म्हणावं तर बोलते आहे. 'मीठ दे' म्हणाली. 'दार लावून घे' म्हणाली. मी थोडा वेळ वाट पाहिली, ती भांडेल म्हणून. भांडली नाही.

एकट्यानेच चौदा जण नेले. नांगर टाकला, दोर घेऊन खडकावर उडी मारली, पाण्यात पडलो. कपड्यांसकट. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. कलिंगड मी कापलं. एका बाईने विचारलं, हे चमच्याने खायचं का?

१४ जुलै, शुक्रवार
बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात गेलो. संकल्प दोन लक्षात होता. याकुमिस आधीच बसलेला. सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "ये रे स्टामाती! कॉफी किती सांगू, बायको धरून का सोडून?"

मी उत्तर दिलं नाही.

"अरे, लोक काखेत कळसा आणि गावाला वळसा घालतात," तो म्हणाला. "ह्याने काखेतला कळसाच ठेवून दिला आणि वळसा घालून आला! आणि नाव काय, तर 'अर्गिरो'. 'अर्गिरो' आली, अर्गिरो राहिली!"

तेव्हा मात्र उत्तर दिलं. काय दिलं ते इथे लिहीत नाही. दुकानदाराने कॉफी कागदी कपात दिली आणि बाहेर बसायला सांगितलं.

याला कसं कळलं? पॅसेंजरांपैकी कोणी बोललं असेल.

संध्याकाळी इंटरनेटवर बघितलं. त्या सहलीतल्या एका डॅनिश बाईने लिहिलंय: 'खाड्या अप्रतिम. जेवण उत्तम. कॅप्टनचा आत्मविश्वास दांडगा. जेवण करणारीला मागे विसरून आले.' पाचपैकी चार तारे. चार म्हणजे वाईट नाही.

१७ जुलै, सोमवार
ठरवलं. अर्गिरोची माफी मागायची. सरळ, एका वाक्यात, नाश्त्याच्या वेळी.

नाश्त्याला ती शेजारणीशी बोलत होती. जेवायच्या वेळी मी बोटीवर. संध्याकाळी ती अंगणात पाइप धरून तुळशीला पाणी घालत होती. माणूस पाणी घालत असताना माफी मागणं बरं दिसत नाही. उद्या.

१८ जुलै, मंगळवार
मंगळवार. नको.

१९ जुलै, बुधवार
माफीपेक्षा कृती मोठी. मोठ्या बेटावरून येणाऱ्या फेरीबोटीने मागवलेलं पार्सल आलं. नारिंगी जॅकेट, उत्तम कापड, पाठीवर ठळक अक्षरांत 'क्रू' छापून घेतलंय. म्हणजे यापुढे दुरूनही दिसेल.

अर्गिरोने उघडून बघितलं. पाठ बघितली. "छान आहे," म्हणाली, आणि दारामागच्या खिळ्याला अडकवलं, झाडूच्या शेजारी. मी विचारलं, मग उद्या येतेस ना? म्हणाली, "बघते." कधीपर्यंत बघणार, ते विचारायला हवं होतं. तेवीस वर्षं ती रोज आली, तेव्हा विचारावं लागलं नव्हतं. ती परत आलीच नाही तर?

ते जॅकेट बघितलं की मला माझीच लाज वाटते. पण परत करता येत नाही, छापून घेतलंय.

२० जुलै, गुरुवार, पहाटे
झोप नाही. खरं काय ते एकदा लिहून टाकतो. ही वही कोणी वाचत नाही.

अर्धा तास नव्हता. आस्प्रोनेरीहून पाऊण वाजता निघालो. मग गुहेजवळ थांबलो, लोकांनी मास्क लावून मासे बघितले. तिथे नांगर लागत नाही, दोर लागत नाही. मी दोन सिगारेटी ओढल्या आणि एका जोडप्याला माझ्या तेवीस वर्षांच्या रेकॉर्डबद्दल सांगितलं. मग लाल खडकाच्या खाडीत शिरलो, नांगर टाकला, बोट मागे घेतली आणि ओरडलो, "अर्गिरो, दोर!" दोर हलला नाही. मी परत ओरडलो. चिडलो. म्हटलं, आज झोपा काढते की काय. बोटीची मागची बाजू खडकाला घासली तरी मी समोरच बघत तिच्या नावाने ओरडत होतो. तेव्हा ती डॅनिश बाई हळूच म्हणाली, "कॅप्टन, त्या बाई मागच्या खाडीपासून दिसल्याच नाहीत."

घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. तिच्यापर्यंत पोचायला आणखी वीस. एक तास चाळीस मिनिटं ती एकटी. फोन बोटीच्या खणात, चपला फळीवर.

आणि मला ती आठवली नाही, मला दोर आठवला. हे कोणाला सांगणार? त्या चौदा जणांना कळलं, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या त्या ती भिजल्या कपड्यांनी चढून आली म्हणून. माझ्यासाठी नव्हत्याच. ती चढली, हात पुसले आणि कलिंगड कापायला घेतलं. मी म्हटलं, "उशीर झालाय, जरा पटापट." हे शब्द मी बोललो. कोणीतरी थोबाडीत मारायला हवी होती.

आज नक्की माफी.

रात्री
पाहुणे होते.

२४ जुलै, सोमवार
मागितली. भाषण पाठ केलं होतं: तेवीस वर्षं, समुद्र, संसार, सगळं. ती अंगणात बसून मिरच्यांचे देठ काढत होती. मी समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "अर्गिरो, माझं चुकलं. मी तुला मोजलं नाही." भाषणातलं बाकीचं आठवेना.

ती म्हणाली, "बस."

बसलो.

"तू निघालास ना, तेव्हा मी कमरेइतक्या पाण्यात होते," ती म्हणाली. "बोट वळताना दिसली. हाक मारली असती तर तुला ऐकू आली असती."

मी विचारलं, मग मारली का नाहीस?

"म्हटलं बघू या, किती वेळाने कळतं."

मी एक मिरची उचलून देठ काढायला लागलो. तिने ती हातातून घेतली, म्हणाली, तू अर्धी मिरची टाकून देतोस.

मग तिने सगळं सांगितलं. पहिली पंधरा मिनिटं भयंकर राग आला. मोठ्याने शिव्या दिल्या, ऐकायला एक बकरी होती. मग हातात मास्क होताच, तो लावला आणि खाली बघितलं. "तेवीस वर्षं तिथे जातेय, स्टामाती. हजारो लोकांच्या तोंडाला मास्क लावून दिले. खाली काय आहे, मी एकदा बघितलं नव्हतं." एक ऑक्टोपस बिळापुढे दगड रचत होता. एक उचलायचा, लावायचा, पटला नाही की काढायचा. ती बराच वेळ त्याच्यावर तरंगत होती. गवतात चंदेरी माशांचा थवा होता, तो तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. गुडघे दुखले नाहीत. पाण्यात दुखतच नाहीत म्हणाली.

"याकुमिस आला होता मधे," ती म्हणाली. "'वहिनी, चला, सोडतो' म्हणाला. मी म्हटलं, जा तू तुझ्या वाटेने."

म्हणजे याकुमिसला तेव्हापासून माहीत होतं.

मी विचारलं, मग मी आलो तेव्हा बरं वाटलं असेल ना?

अर्गिरोने जरा विचार केला. ती खोटं बोलत नाही, हा तिचा जुना दोष आहे.

"वैताग आला," म्हणाली. "म्हटलं, आला हा."

मला वाटत होतं की ती रडली असेल, घाबरली असेल. तेरा दिवस मी त्याचीच लाज बाळगून होतो. आता ही दुसरी लाज कुठे ठेवायची ते कळेना.

बोटीवर येशील का, विचारलं. म्हणाली, त्याचं नंतर बघू, आधी बुधवारी मला तिथे सोड. बारा वाजता. एकटीला. सहाच्या आधी येऊ नकोस.

२६ जुलै, बुधवार, दुपारी सव्वाबारा, बोटीवर
सोडली. बुधवारचं बुकिंग कालच रद्द केलं. चौदा जणांना कळवलं, वारा आहे. वारा अजिबात नाही. याकुमिसला सांगितलं, इंजिन बिघडलंय.

तिने उतरताना डबा, पाण्याची बाटली, मास्क आणि कॉफीचा थर्मास घेतला. थर्मास एकच आहे. मी म्हटलं, मी इथे नांगर टाकून बसतो ना, तुझ्या डोळ्यांसमोर. म्हणाली, डोळ्यांसमोर नको.

खाडीच्या तोंडावरच्या सुळक्याच्या पलीकडे येऊन थांबलोय. इथून खाडी दिसत नाही.

दुपारी अडीच
ती पोहते चांगली. काळजीचं कारण नाही. मला काळजी तिच्या बुडण्याची नाहीच. तिला तिथे माझ्याशिवाय बरं वाटतंय, त्याची आहे.

चार वाजून वीस
याकुमिस चौपन्न माणसं घेऊन गेला. लाउडस्पीकरवर ओरडला, "काय रे, इंजिन दुरुस्त झालं? कुणाला शोधतोयस?"

ओरडून सांगितलं, शोधत नाही, थांबलोय. तो स्पीकर बंद करून गेला.

पाच वाजून दहा
पन्नास मिनिटांनी असा काय फरक पडणार? तिला थंडी वाजत असेल. वर टॉवेलही नेला नाही. नवऱ्याचं कर्तव्य म्हणून जातो. इंजिन अगदी हळू, हॉर्न नाही.

पाच वाजून पंचवीस
गेलो होतो. ती खाडीच्या मधोमध तरंगत होती, तोंड पाण्यात, नळी वर. बोटीचा आवाज ऐकून तिने डोकं वर काढलं आणि हात उंच केला. मला वाटलं बोलावतेय. जवळ गेलो. पाचही बोटं पसरून तळवा सरळ माझ्या तोंडावर धरलेला होता. आमच्या बेटावर ही सरळ शिवी आहे, लहान पोरालाही कळते.

मग तिने परत तोंड पाण्यात घातलं.

बोट उलटी घेतली. सुळक्यामागे आलो. अजून पस्तीस मिनिटं आहेत.