घट्ट बसलेला बोल्ट

गुरुवार, दिवेलागण

अप्पांच्या जुन्या इंग्लिश मोटरसायकलचं डोक्यातून जात नाही. पुढच्या ब्रेकचा बोल्ट त्यांनी आज दुपारी बदलला. "घट्ट बसला," म्हणाले. तेच तर खुपतंय. गाडीचे आटे इंचाच्या मापाचे, आणि डब्यात उरलेत ते सगळे बोल्ट मिलिमीटरचे. असा बोल्ट दोन फेरे बोटांनी सहज जातो, मग अडतो, आणि पान्ह्याने रेटला की आतले आटे कापत घट्ट होतो.

हे मला शिकवलं कोणी? अप्पांनीच. बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे, पान्हा नंतर. मग आज त्यांच्या बोटांना कळलं नाही? की आता कळतच नाही?

ते कॉफीला आत गेल्यावर मी बोल्ट काढून पाहिला. आट्यांत चकचकीत कीस अडकलेला. भोक मोठं करून नवे आटे पाडावे लागतील. पण त्यांना सांगायचं कसं? उद्या शुक्रवार, आईला मागे बसवून पट्टीश्वरमला देवीला जाणार. वाटेत हा सुटला तर चाक जागीच अडकेल.

शेवटी स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हटलं, "उद्या गाडीवर बसू नकोस."

ती इडलीचं पीठ ढवळत राहिली. "मघाशीच सांगितलं त्यांनी. तू बसने ये म्हणाले."

"आणि ते?"

"ते गाडीवरूनच."

म्हणजे बोटांना कळलं होतं.

बोल्ट माझ्या खिशात आहे. बाहेर अप्पा डबा उपसून तो शोधतायत.