बोर्ड उत्तर देत नाही

३ तारीख, बुधवार
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात. मिस्त्री म्हणाला, सोल्डरिंग पुरे, आता आठ बोर्ड तू एकट्याने जोड. एका मोठ्या ऑफिसचा हॉल, आठ खिडक्या, प्रत्येक खिडकीवर पळत्या अक्षरांचा एक बोर्ड. बिघडलं तर बॅग भर आणि घरी जा, असंही म्हणाला. हसून म्हणाला, म्हणजे गंमतच असणार. नंतर जेवण गेलं नाही. भूक नव्हती, बाकी काही नाही.
ताईला फोन करून सांगितलं, मला इंजिनिअर केलं.

४ तारीख
लाल दिव्यांच्या पाट्या चपट्या केबलने एकमेकींना जोडल्या. मागे पॉवर सप्लाय, टोकाला कार्ड. कार्ड म्हणजे बोर्डाचं डोकं. एक पाटी उलटी बसली, अर्धी अक्षरं पाय वर करून पळाली. कोणी बघितलं नाही. दारापर्यंत जाऊन खात्री केली. दोनदा.

५ तारीख
कार्डावर बारीक स्विचांची रांग असते. मिस्त्री म्हणाला, नंबर लाव, आणि गेला. कसला नंबर ते विचारणार होतो. पण इंजिनिअर विचारत नसतो. शिवाय तो चिडला की आधी चष्मा काढतो, ते मला बघवत नाही. कपाटात एक जुना चालू बोर्ड होता. त्याचा पहिला स्विच वर, बाकीचे खाली. आठही कार्डं अगदी तश्शी लावली. एकेक करून चालवली. आठही पास. उगाच घाबरलो होतो. म्हणजे घाबरलो नव्हतोच.

७ तारीख
हॉलमध्ये बोर्ड टांगले. एकच वायर, पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी आठव्यापर्यंत. कॉम्प्युटर मागच्या खोलीत, तिथून हॉल दिसत नाही. पोटात कळ येते. इथलं पाणी मानवत नसेल. दोन वर्षं झाली तरी.

८ तारीख, सकाळी ९.४०
खोलीत एकटा. मिस्त्री हॉलमध्ये, ऑफिसच्या साहेबांबरोबर. हात गार पडलेत. ए.सी. फार आहे.
९.४५. ए.सी. बंद आहे.
९.५०. कॉम्प्युटर विचारतो, कितव्या बोर्डाला पाठवू. म्हटलं, एकपासून सुरू करू. 'टेस्ट' पाठवलं. स्क्रीनवर आलं, बोर्ड उत्तर देत नाही.
९.५५. परत तेच. वायर तुटली असणार. म्हणजे काहीच जात नाहीये.
१०.०५. 'चालू हो रे बाबा' पाठवलं. उत्तर नाही.
१०.१०. बाहेर हशा. इथले लोक मजेत दिसतात.
१०.१५. 'मिस्त्रीला कळलं तर मेलो'. जात तर नाहीच, निदान मन मोकळं.
१०.२०. हसणं थांबलं. 'ताई मला काही येत नाही मला भीती वाटते'. उत्तर नाही.
१०.२२. मिस्त्री आला. चष्मा हातात.

८ तारीख, संध्याकाळ
मिस्त्रीने विचारलं, नंबर काय लावलेस. म्हटलं, सगळ्यांना सारखाच, कोणाला कमी-जास्त नको. म्हणाला, अरे शहाण्या, आठ घरांना एकच नंबर दिलास तर चिठ्ठी आठही घरी जाणार, आणि 'पोचली' सांगायला आठही जण एकदम ओरडणार. त्या गोंगाटात कॉम्प्युटरला काय ऐकू येणार, डोंबल?
म्हणजे सगळं गेलं होतं. आठही बोर्डांवर. वीतभर उंच, लाल.
अक्षरं पुसली जावीत म्हणून वीज बंद करून चालू केली. कार्डाला शेवटचं वाक्य लक्षात राहतं. ते परत पळायला लागलं. शिडीवर चढून अख्ख्या हॉलसमोर एकेक कार्डाचा नंबर बदलला. खाली रांगेतल्या एक आजी शिडी धरून उभ्या होत्या. वर बघून म्हणाल्या, भिऊ नकोस, मी धरलीय.
उतरल्यावर मिस्त्रीला विचारलं, बॅग भरू का. त्याने चष्मा घातला. म्हणाला, दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी विचारलंस. उद्यापासून परत सोल्डरिंगला बस.
ताईचा फोन आला. बोर्ड चालले का म्हणाली.
म्हटलं, चालले. लोक थांबून वाचत होते.