आजोबांचे वाकडे बांध

१२ मे १९९१
ठरवलं. यंदा भाताची खाचरं चौकोनी करायची. आमच्या पाच खाचरांत एक बांध सरळ असेल तर शपथ. मधलं तर चक्क केळ्यासारखं. कारण मी डोकं लावून शोधलंय : आजोबा तिरळे होते. तिरळ्याने घातलेला बांध तसाच जाणार. एकदम सायंटिफिक.

केसरीनाथला, धाकट्याला, आपला अर्धा वाटा पॉवरलूमच्या गाळ्यासाठी विकायचाय. म्हणतो, दादा, असल्या तुकड्यांत काय पिकणार? त्याला सांगितलं, दिवाळीपर्यंत थांब, भात दुप्पट दाखवतो. मग कशाला विकशील. तो बरं म्हणाला. हल्ली आम्ही एवढंच बोलतो.

१६ मे
दोरी, खुंट्या, चुना. कबड्डीचं ग्राउंड आखतात तसं आखलं. आमच्या बायकोने, कमळने विचारलं, "पानी काय तुमची दोरी बगून उभं र्‍हानार हाय?" बाई साधी आहे. प्रेमाने समजावलं. ती भांडी घासायला गेली.

२९ मे
पाचाचं एकच झालं. चारही कोपरे काटकोनात. जो तिथं गाळा बांधणार तो गुलामभाई लूनावरून जाताना थांबला. लहानपणी आम्ही बरोबर मासे धरायचो. बघून म्हणाला, झकास सरळ केलंस. शत्रूनेही तारीफ केली. कामाने पाठ मात्र धरलीय.

२१ जून
खालच्या कोपऱ्यात पाणी गुडघाभर. वर टिपूस नाही. खेकड्यांनी बांध पोखरला असणार. उद्यापासून खेकडे धरणे.

२२ जून
धरले. कालवण चांगलं झालं. पाणी होतं तिथंच.

१४ जुलै
लावणी उरकली. जमीन एकदा सवयीची झाली की पाणी आपोआप पसरेल. नव्या सुनेलाही वेळ लागतो.

२ ऑगस्ट
खालचं रोप कुजलं. वरचं पिवळं. रोज सकाळी बादल्यांनी पाणी वर न्यायचं ठरवलं.

३ ऑगस्ट
कंबर. आयोडेक्स.

१९ ऑगस्ट
मधे एक पट्टा मात्र हिरवागार. वाकडा. कुठंतरी पाहिल्यासारखा. कमळ म्हणाली, आजोबांचं मधलं खाचर. पाणी जिथं जेवढं टेकतं, तेवढाच त्यांनी बांध वळवला होता म्हणे. मग मे महिन्यात का नाही सांगितलं, असं विचारलं. सांगितलं होतं म्हणाली.

जेवलो. आडवा झालो.

१० नोव्हेंबर
दिवाळी झाली. भात त्या केळ्यासारख्या पट्ट्यात आलं तेवढंच. केसरीनाथ गुलामभाईला घेऊन आला. मी खेकड्यांचं सांगायला लागलो, दोघांनी ऐकून घेतलं. गुलामभाईने मोजायला टेप लावली. म्हणाला, आखणीची गरजच नाही, तू करूनच ठेवलीस.

केसरीनाथ बांधावर बसून होता. तिथूनच म्हणाला, "दादा, चार वर्सं मी गप का बसलू? त्या वाकड्या बांधांत माझा अर्धा कुठून तोडायचा, तेच कुनाला समजत नव्हतं."

 मला वाईट वाटलं नाही. पाय बधिर झाल्यासारखं, पण सगळीकडे.

निम्मा वाटा पाडायला दोरी लागणार होती. घरातून मीच आणून दिली. एक टोक गुलामभाईने धरलं, एक मी. बरोबर मधोमध गेली.

कमळने चहा केला. तो पिऊन तिघेही गेलो पुन्हा खुंट्या ठोकायला.