प्राचार्यांचा बोकड

प्रिय नॅडीन,

खोक्यात कॅसेट आहे, पण आधी हे वाच. ‘प्राचार्यांचा बोकड’ सापडला! आपल्या कॉलेजात चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात चित्रित झालेला तो भिकार विनोदी सिनेमा, थिएटरचं तोंडही न बघता थेट कॅसेटवर आलेला. त्यात आपल्या टोबीला एकच वाक्य होतं. तो गेला तेव्हा कोरीन पाळण्यात होती. बापाचा आवाज तिने कधी ऐकलाच नाही, असं तू एकदाच म्हणालीस, पण ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

टोलेडोला चर्चच्या हॉलमध्ये कॅसेटवेड्यांचा मेळावा भरतो. तिथे एलरॉय भेटला, निवृत्त बसचालक. पडेल कॉलेजपटांच्या चारशे कॅसेटी त्याने जिवापाड जपल्यात. मी विचारलं, “अहो, या टुकार सिनेमांत सापडतं तरी काय?” म्हणाला, “अरे बाबा, मोठ्या सिनेमातली गर्दी शिकवलेली असते. इथे खरीच पोरं, घरचेच स्वेटर. चुकून कॅमेऱ्यात बघतात आणि खरंखुरं हसतात. आज ती पोरं कुठे असतील कुणास ठाऊक!” तो विकत नाही, अदलाबदल करतो. माझ्या कॅसेटींकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मग मी कोरीनचं सांगितलं. “आधी का नाही बोललास, गाढवा?” म्हणत त्याने कॅसेट हातात ठेवली. कडेची खाच दाखवून बजावलं, “ही उघडीच ठेव, म्हणजे वर काही रेकॉर्ड होणार नाही. चिकटपट्टी लावून वर दुसरंच काही रेकॉर्ड करणारे महाभाग असतात.” मी कॅसेट पिशवीत घातली आणि निघालो.

घरी येऊन लावली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला हातात ट्रे घेऊन टोबी येतो. “सर, बोकड पास झाला, मी नापास!” आणि स्वतःच फिस्सकन हसतो. नॅडीन, तेच हसू गं! मी एकटाच ढसाढसा रडलो.

आता खरं सांगतो. माझ्या तळघरात पाणी कधी शिरलंच नव्हतं. टोबीने मला दिलेली याच सिनेमाची कॅसेट भिजली नव्हती. खाचेवर चिकटपट्टी लावून मीच तिच्यावर फुटबॉलची मॅच घेतली. टोबी तेव्हा हिंडत-फिरत होता, दुसरी मिळेल असं वाटलं. तो गेल्यावर तू ती मागितलीस आणि माझ्या तोंडून पुराची थाप निघाली. तू बिचारी दुसऱ्या दिवशी माझ्या ‘भिजलेल्या’ तळघरासाठी तुमचा गालिचा घेऊन आलीस. सव्वीस वर्षं मी तो तुडवतोय. चिठ्ठीशिवायही कॅसेट पाठवता आली असती, पण मग तू आभार मानले असतेस, आणि ते मला सोसलं नसतं. आता सुटल्यासारखं वाटतंय. कोरीनला दाखव. मग मनसोक्त शिव्या द्यायला फोन कर. गालिचा मी झटकून, गुंडाळून दाराशी ठेवलाय. बोलावलंस तर घेऊन येतो.

तुझाच,
ग्लेन