बारा सिटिंगनंतर

प्रिय नंदू,

आज भांडुपच्या शाळेत आपल्या वाडीचे सगळे मुंबईकर जमलेत. गणपतीच्या एसटी ठरवायच्यात. वर्षभर इथे राबायचं आणि एकदा गावी गेलो नाही, तर "गणपतीक पण येवक जमूक नाय?" हे ऐकून घ्यायचं. हे दुखणं सगळ्यांचंच. म्हणून पत्र तुला लिहिलंय, पण वाचणार आहे त्यांच्यासमोर.

गेल्या वर्षी याच सभेत मी यादीत तुझं नाव घातलं. तुला न विचारता!

तेव्हा घाटकोपरच्या दवाखान्यात तुझा टीएमएस चालू होता. गोळ्यांनी डिप्रेशन हटेना, म्हणून डोक्याला बाहेरून चुंबकाचे ठोके. तू मला समजावायचास, "शॉक नाही गं ताई. भूलही देत नाहीत. सुतारपक्षी टकटक करतो ना, तसं वाटतं."

"मग किडे सापडले का आत?"

तू हसलास. किती महिन्यांनी हसलास रे!

डॉक्टरांनी बजावलं होतं, तीस सिटिंग, मध्ये खंड नको. गावी निघायच्या दिवसापर्यंत बारा झाली होती. तू आपणहून दाढी करू लागला होतास. कालवणात मीठ कमी म्हणून कुरकुरलाही होतास.

आणि मी, चौकाचौकात अंधश्रद्धेवर गरजणारी, तुला म्हणाले, "बाप्पाला नाही आलास तर लोक विचारतील. काय सांगू? डोक्याचा इलाज चाललाय?"

"सांग ना मग," तू म्हणालास.

नाही सांगितलं. इलाज अर्धवट सोडून तुला गावी नेलं. तिथे पंधरा दिवस तू पडवीत भिंतीकडे तोंड करून पडलास. आम्ही म्हणालो, प्रवासाचा शीण. परत आल्यावर दवाखान्याचं नाव काढलं की तू म्हणायचास, "राहू दे, ताई." मीही राहू दिलं. का राहू दिलं?

दिवाळीआधी तू स्वतःला संपवलंस. पेपरात आम्ही छापलं, 'अल्पशा आजाराने'. चार वर्षांचा आजार, नंदू!

तीस पुरी झाली असती तर तू वाचलाच असतास, असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण ती अठरा सिटिंग तुझी होती. ती मी हिरावली.

यंदा मी गाडीत बसणार नाही. गावी फोन करून सांगणार, नंदूला डिप्रेशन होतं, त्यातच तो गेला. हा माझा शब्द.

आणि समोर बसलेल्यांनो, तुमच्या घरात कुणाचा असा उपचार चालू असेल, तर आता यादी हातात येईल तेव्हा त्याचं नाव खोडा. आणि त्याच्यासोबत थांबायला, स्वतःचंही.

तुझी,
ताई